डबा फिरवून बघा

‘फुल सिंथेटिक आहे साहेब, वीस हजारापर्यंत बघायचं काम नाही.’ ऑईलच्या दुकानात सर्रास ऐकू येणारं हे वाक्य निखालस बेजबाबदार आहे. गाडी कुठे आणि कशी चालते, हे न विचारताच दिलेली ही हमी.

डब्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘सिंथेटिक’वरून ऑईलचा कस कळत नाही. याच शब्दावरून १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलची जुंपली होती. कॅस्ट्रॉलने कच्च्या तेलातूनच, पण हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून काढलेलं ग्रुप ३ बेस ऑईल वापरायला घेतलं. मोबिल म्हणे, रसायनांतून घडवलेलं पीएओ तेवढंच खरं सिंथेटिक. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या संस्थेने कौल कॅस्ट्रॉलला दिला. ग्रुप ३ची ऑईलं वाईट नाहीत, त्यांतली कित्येक उत्तम आहेत. पण तुमच्या इंजिनाला कोणतं चालेल, याचं उत्तर पुढच्या बाजूला नाही.

म्हणून डबा फिरवा. मागे बारीक टायपात असतं ते वाचा: एपीआय एसपी, ०डब्ल्यू-२० किंवा एसीईए सी३ अशा खुणा. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय, ते तिथे हवंच. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना बहुधा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, आणि त्याला कमी राखेचं ऑईल लागतं. चुकीचं घातलंत, मग ते कितीही महाग असो, तर राख फिल्टरमध्ये साचत जाते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. मोटरसायकलवाल्यांनी ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ शोधावं. बहुतेक बाइकचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो. उरलंय म्हणून कारचं ऑईल ओतलंत, तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच घसरू शकतो.

मग येते बोटांची परीक्षा. मिस्त्री डिपस्टिक उपसतो, थेंब अंगठ्यावर चोळतो आणि निकाल देतो: ‘काळं पडलंय, गेलं.’ अहो, काजळी इंजिनावर बसू न देता स्वतःत धरून ठेवणं हे ऑईलमधल्या डिटर्जंटचं कामच आहे. डिझेलमध्ये तर ते काही दिवसांतच काळं होतं. उलट, सोनेरी दिसणारं ऑईल आतून संपलेलं असू शकतं. इंधन जळताना आम्लं तयार होतात. त्यांना मारणारी अल्कली ऑईलमध्ये घातलेली असते आणि ती खर्ची पडत जाते. बेस ऑईल कितीही टिकाऊ असलं तरी हा साठा संपायचा तो संपतोच. घर ते भाजीबाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापत नाही, पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, आणि ऑईल आणखी लवकर खालावतं.

किलोमीटरचं मोजमापही शहरात फसवं आहे. टॉमटॉमच्या २०२४च्या अहवालानुसार पुण्यात १० किलोमीटर कापायला सरासरी ३३ मिनिटं लागतात. म्हणजे १०,००० किलोमीटरला इंजिन साधारण ५५० तास चालतं. महामार्गावर ताशी ६० ने तेवढंच अंतर १६७ तासांत होतं. आकडा एकच, पण ऑईलने सोसलेले तास तिपटीहून जास्त. फोक्सवॅगन युरोपात खास ऑईलवर ३०,००० किलोमीटरपर्यंत किंवा दोन वर्षांची मुदत देते. भारतात तीच कंपनी १५,००० किंवा एक वर्ष सांगते. आपली धूळ आणि आपली कोंडी कंपनीला ठाऊक आहे, विक्रेत्याला नसेल तर ती आपण सांगायची.

मुदत वाढवायचीच असेल तर वापरलेल्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. अल्कली किती उरली, चिकटपणा टिकला का, लोखंड किती झिजून आलं, सिलिकॉनच्या रूपाने धूळ किती शिरली, हे तिथे आकड्यांत कळतं. मोठे ट्रक ताफे हेच करतात. ते जमत नसेल तर पुस्तिकेतला ‘खडतर वापरा’चा तक्ता उघडा, शहरातल्या बहुतेक गाड्या त्यातच मोडतात. किलोमीटर आणि महिने यांतलं जे आधी भरेल, त्या दिवशी फिल्टरसकट ऑईल बदला. डबा तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाका, नाहीतर त्यात भेसळीचं ऑईल भरून तो पुन्हा दुकानात येतो.