आता सोलो येतोय!

पनवेलच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एक तरी सोलोकाका सापडतोच. वय साठीच्या आसपास, पोटावर ताणून बसलेला काळा टी-शर्ट आणि त्यावर पिंक फ्लॉइडचं विटलेलं प्रिझम. त्या टी-शर्टाचं फडकं करायची बायकोची इच्छा दहा वर्षं जुनी आहे. पाटीवर नाव काहीही असो, मुलं त्याला सोलोकाकाच म्हणतात. कारण लिफ्टपाशी गाठून, तुमच्या कानात इअरफोनचं एक बोंडूक खुपसून आणि मनगट घट्ट धरून तो सांगतो, "थांब, जाऊ नकोस. आता सोलो येतोय."

गिटारचा हा सोलो चार मिनिटांनी येतो. तोवर तुमच्या हातातल्या दुधाच्या पिशवीला घाम फुटलेला असतो.

गाणं सुरू असताना सोलोकाका गाणं ऐकत नाही. तो तुमचं तोंड ऐकतो. भुवई कुठे वर गेली, मान कुठे हलली, सगळं टिपत असतो. "छान आहे" म्हणालात तर त्याचा चेहरा पडतो, कारण छान तर पोहेसुद्धा असतात. "भारी आहे" म्हणालात तर दुसरं गाणं लागतं. सुटकेचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे लिफ्ट.

हार्बर लाइनवर आयुष्य गेल्यामुळे त्याचं घड्याळ स्टेशनांचं आहे. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' जवळजवळ सहा मिनिटांचं, म्हणजे पनवेल ते मानसरोवर. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा 1973 चा अख्खा अल्बम 43 मिनिटांचा. गाडी वेळेवर असली तर गोवंडी-चेंबूरच्या दरम्यान आटोपतो. मेगाब्लॉकच्या रविवारी मात्र तो दोनदा ऐकून होतो, आणि लोकलमध्ये तेवढाच एक माणूस रेल्वेवर खूश असतो.

पण हे सोलोचं वेड आलं कुठून? त्यामागे एक जखम आहे. ऐंशीच्या दशकात पनवेलमध्ये असली रॉक गाणी मिळणं कठीण. मुंबईला कॉलेजला जाणारा एखादा मित्र काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एक कॅसेट आणायचा आणि बाकीचे तिच्यावरून उतरवून घ्यायचे. टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. आपल्या काकाने ए बाजूला शेवटी लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' भरायला घेतलं. गाणं आठ मिनिटांचं, पट्टी उरली होती साडेसहाची. सहाव्या मिनिटाच्या सुमाराला जिमी पेजची गिटार सुरू होते, आणि ती ऐन रंगात असताना खट्कन बटण वर आलं.

पुढचं दीड मिनिट त्याने कित्येक वर्षं ऐकलंच नाही. आता फोनवर पूर्ण गाणं आहे, तरी त्या जागी आलं की अंगठा आपोआप उचलला जातो, कॅसेट उलटायला. 2016 साली ऱ्हिदम हाउस बंद झालं त्या आठवड्यातल्या रविवारी त्याने मटण आणलं नाही. घरच्यांना वाटलं, चतुर्थी आहे.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा त्याच्या मते आपला माणूस. झांझिबारमध्ये जन्मलेला हा फारूख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, इथपर्यंत इतिहास. पुढचा भाग सोलोकाकाचा. तेव्हा वाशीचा पूल नव्हता, मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी ठाणे-मुंब्र्यावरून पनवेललाच यायची, तेव्हा फ्रेडीने पनवेलच्या स्टँडवर चहा घेतला असणारच! पोरगा रेल्वेने पुण्यापर्यंत गेला असेल, असं म्हणायची सोय नाही. एकाने म्हटलं होतं. त्याला 'क्वीन'ची सगळी बी बाजू ऐकावी लागली.

कोल्डप्ले रॉक नव्हे, हे त्याचं मत ठाम आहे. तरी जानेवारी 2025 मध्ये ते नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येणार म्हटल्यावर तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत तो, त्याची मुलगी आणि जावई अशा तीन फोनांवरून उभा होता. तिघांचेही नंबर लाखांच्या घरात. "पनवेलपासून सहावं स्टेशन, आणि तिकीट नाही!" हे तो अजून सांगतो. मग 2019 च्या डिसेंबरमध्ये त्याच मैदानावर यू-टू ऐकल्याची आठवण निघते आणि चहा निवतो.

दर रविवारी सकाळी चार सोलोकाका एका फ्लॅटमध्ये जमतात. स्पीकर एक, फोन चार. एकाचं गाणं लागलं की उरलेले तिघे डोळे मिटून तल्लीन होतात आणि मांडीखाली आपापलं पुढचं गाणं शोधतात. गाणं संपण्याआधीच "हे ठीक आहे, पण हे ऐक" असं होऊन ब्लूटूथ पळवला जातो. मध्येच कुणाच्या तरी फोनवरून चुकून 'बोनी एम'चं 'डॅडी कूल' वाजतं. "नातवाचं आहे," असं तो म्हणतो. नातू दीड वर्षाचा आहे.

अशाच एका रविवारी तळमजल्यावरचे बुवा वर आले, पाण्याच्या टाकीची वर्गणी मागायला. बुवा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. दारात उभे होते, पण मनगट धरलं गेलंच. लागलं होतं फ्लॉइडचं 'मनी', जे नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजाने सुरू होतं.

"कुणाची चिल्लर पडली का?" बुवांनी खाली बघत विचारलं.

मग ते गप्प झाले. वर्गणीची वही काखेत गेली आणि उजव्या हाताची बोटं दाराच्या चौकटीवर पडायला लागली. मिनिटभराने म्हणाले, "सात मात्रा. तेवरा म्हणा, नाहीतर रूपक म्हणा."

सोलोकाकाने मनगट सोडलं. चाळीस वर्षं तो हे गाणं ऐकत होता, ऐकवत होता, आणि मात्रा मोजायचं कधी सुचलंच नव्हतं. सॅक्सोफोन वाजून गेला. गिटारचा सोलो सुरू झाला तसे बुवा हसले. "आता चारात गेला की हो! चांगला सातात चालला होता." आणि थोड्या वेळाने, कुणी न सांगता, "आला परत घरी."

चौघेही बुवांकडे बघत राहिले. वर्गणी त्याच दिवशी मिळाली, चौघांचीही, बाहेरून आलेल्या दोघांनीसुद्धा दिली.

पुढच्या सोमवारी लोकलमध्ये सोलोकाका मांडीवर बोटं आपटत 'एक-दोन-तीन' करत होता आणि खारघरला पाचव्या मात्रेवर चुकत होता.

गुरुवारी बुवांनी त्याला देवळात बोलावलं. टाळ-पखवाजाच्या गजरात शेजारी बसवून घेतलं. तासाभराने काकाने मांडी बदलली आणि हळूच चपलांकडे पाहिलं. बुवांचा शिष्य पखवाजावर होता. बुवांचा हात मोकळा होता. तो काकाच्या मनगटावर आला.

"बसा हो," बुवा त्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणाले, "आता लग्गी येतेय."