वेल एल्ली?

बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या आमच्या लिफ्टमध्ये दर शुक्रवारी सकाळी दहाला कोर्ट भरतं. साडेदहाला राहुकाळ लागतो. त्या वेळात देवीपुढे लिंबाचे दिवे लावायचे, म्हणून शेजारच्या काकू पिशवीत लिंबं, वाती, तुपाची डबी घेऊन निघालेल्या असतात. त्याच लिफ्टने माझी लेक ऑफिसला.

"वेल एल्ली?" काकू विचारतात.

वेल म्हणजे ओढणी, एल्ली म्हणजे कुठे. बंगळुरात ओढणीला वेल म्हणतात. लेकीचा कुडता गळाबंद, गुडघ्याच्या खाली पोचणारा, त्याखाली सलवार. काकूंच्या रेशमी साडीवरच्या ब्लाउजची पाठ अकरा इंच उघडी. आकडा खात्रीचा आहे, आमचा टेलर एकच आणि त्याची वही गल्ल्यावर उघडीच असते.

पाठ आणि पोट यांना आपल्याकडे पिढीजात माफी आहे. खांदा आणि गुडघा कालपरवा आलेले भाडेकरू. त्यांना सोसायटीचे नियम.

घरात वरचं कोर्ट आहे. सासूबाई, वय शहाऐंशी, मूळच्या निपाणीच्या, आजही नऊवारीत. नातीची थ्री-फोर्थ पँट बघून म्हणाल्या, "पोटऱ्या दिसतात गं."

"आजी, तुझ्याही दिसतायत."

"अगं, आमचं लुगडं आहे ते!"

यावर अपील नाही. मात्र हाच प्रश्न आनंदीबाई जोशींना 1883 मध्ये पडला होता. डॉक्टर व्हायला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, कारण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणजे पुण्याकडची मर्यादा फिलाडेल्फियात अपुरी पडली. उलट आमच्या सोवळ्यात काष्टा हवाच. ज्या पायघोळ गोल साडीला आज आपण 'आपली संस्कृती' म्हणतो, तिला देवघरात प्रवेश नव्हता.

देवळांचंही तेच. तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात नुसती चुडीदार चालत नाही. मानेपासून घोट्यापर्यंत झाकणारा कपडा, तरी वर मुंडू, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, गुंडाळायचं. 2016 मध्ये अधिकाऱ्यांनी सूट दिली, त्याच डिसेंबरात केरळ उच्च न्यायालयाने ती काढून घेतली. तुळजापुरात मे 2023 मध्ये 'अंगप्रदर्शक' कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि ओरड होताच काही तासांत उतरले. अंगप्रदर्शक म्हणजे नेमकं किती इंच, ते फलकावर नव्हतं. आमच्या टेलरला विचारायला हवं होतं.

बाप्यांच्या कपड्यांची गोष्ट वेगळी. जुलै 2024 मध्ये इथल्या मागडी रोडवरच्या एका मॉलने पंचे, म्हणजे धोतर, नेसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दारात अडवलं. गाव पेटलं, विधानसभेत चर्चा झाली, मॉल सात दिवस बंद. योग्यच झालं. पंचेसाठी मॉल बंद होतो. वेलसाठी आमची लिफ्ट सात मिनिटंही बंद पडत नाही. (एरवी पडते. पाण्याचा जार घेऊन आलं की हमखास.)

गेल्या शुक्रवारी लेकीने काकूंना उलट विचारलं, "आंटी, तुमची वेल?" काकू हसल्या, "नंदू सीरे अल्लवा!" माझी साडी आहे ना! निपाणी ते बनशंकरी, निकालपत्र एकच, भाषा तेवढी वेगळी.

परवा लेकीने नवा बिनबाह्यांचा कुडता आणला. या कुडत्यांना बाह्या आतून टाचून दिलेल्या असतात. ज्याच्या घरी जसं कोर्ट, तसं शिवून घ्या. सासूबाईंनी टाके उसवले, बाह्या उलटसुलट करून बघितल्या.

"लावू का गं?"

"नको आजी."

"मग दे इकडे."

एक बाही त्यांनी खालून शिवून टीव्हीच्या रिमोटला घातली, दुसरी एसीच्या. आमच्या घरात आता दोन्ही रिमोट अंगभर कपड्यात असतात. आवाज कमी करायचा तर बटण चाचपून शोधावं लागतं.