खोक्यात काय काय आहे?

अमृतराव पेशव्यांच्या हाती पुण्याचा कारभार फार थोडे महिने राहिला. त्यांनी काशीत बसवलेला दगड मात्र दोन शतकं गंगेचं पाणी अंगावर घेतोय. राघोबादादांचे हे दत्तक चिरंजीव. 1802 मध्ये हडपसरला यशवंतराव होळकर जिंकले, दुसरा बाजीराव वसईकडे पळाला आणि गादीच्या आसपास अमृतराव दिसू लागले. पुढच्या वर्षी इंग्रजांनी बाजीरावाला परत आणून बसवलं आणि अमृतरावांना वर्षाला 7 लाखांची नेमणूक देऊन पुण्याच्या खेळातून अलगद उठवलं. मग बुंदेलखंडातलं कर्वी, मग काशी. त्यांचा घाट आधी अमृतराव घाट म्हणून ओळखला जायचा, आता राजा घाट म्हणतात. ज्यांना राज्य मिळालं नाही त्यांच्या घाटाला राजा म्हणायचं, हे फक्त काशीलाच सुचावं, आणि तेही अजिबात न हसता.

पण त्या काळच्या देणाऱ्यांची एक रीत मला फार आवडते. नुसत्या पायऱ्या बांधून ते हात झटकत नसत. पायऱ्यांच्या माथ्यावर वाडा, बाजूला देऊळ आणि आलेल्याच्या पानात पडेल अशी अन्नाची सोय. राजा घाटावरही ब्राह्मणांना नि विद्यार्थ्यांना जेवू घालत, असं सांगतात. म्हणजे प्रवासी नावेतून उतरला की त्याला अंघोळ, दर्शन आणि भात हे सगळं एकाच जागी मिळे. ‘घाट आमचा, भाताचं तुम्ही बघा’ असं कुणी म्हणालं नाही.

हे सारं मला तिथे एका संध्याकाळी सुचत होतं त्याला कारण एक खोकं. घाटामागच्या गल्लीत आमचे नातलग राहतात. पिढ्यान् पिढ्या काशीत मुरलेलं मराठी घर. रागावतात मराठीत आणि भाजीचा भाव करतात बनारसीत. त्या घरात नवं खेळयंत्र आलं होतं. बारा वर्षांच्या नातवाने मूर्तीवरचं वस्त्र दूर करावं तशा हलक्या हाताने प्लास्टिक सोडवलं, तारा जोडल्या, पडद्यावर एक निळसर उजेड पसरला, मंद संगीत सुरू झालं... आणि पुढे काहीच नाही. खेळच नव्हता. खेळ वेगळा घ्यायचा असतो, हे घरातल्या एकाही वडीलधाऱ्याला ठाऊक नव्हतं. आजी जरा वेळ तो उजेड बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आहे रे. आता हे बंद कसं करतात?”

आमच्या पिढीला असं रितं यंत्र माहीतच नव्हतं. नव्वदीत घरोघर आलेले ते टीव्ही गेम बहुतेक जपानी यंत्राच्या नकला. पण त्या नकलांचं मन मोठं. दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर छापलेलं असे: 9999999 इन 1. एक कमी एक कोटी खेळ! लावून बघावं तर मोजके दहा-वीस. तेच पुन्हा, फक्त दुसऱ्या पायरीपासून सुरू होणारे. मारिओ, रणगाडे, सर्कसवाला. फसवणूक होती, नाही कसं म्हणू? पण इतकी उदार फसवणूक मी नंतर कधी पाहिली नाही. कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारायची, की पुन्हा सगळे एक कोटी खेळ जिवंत.

अस्सल यंत्रांच्या दुनियेतही ही पद्धत होतीच. अटारीने 1977 मध्ये आपल्या यंत्राबरोबर ‘कॉम्बॅट’ हा खेळ दिला. 1989 मध्ये अमेरिकेत ‘गेम बॉय’ निघायचा होता, तेव्हा हेंक रॉजर्स या गृहस्थांनी निंटेंडो या जपानी कंपनीला पटवलं की मारिओ दिलात तर मुलं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. मॉस्कोतल्या एका सरकारी संगणकावर जन्मलेल्या टेट्रिसच्या विटा मग कचेरीला जाणाऱ्या थोरांच्या खिशात जाऊन बसल्या. 2006 मध्ये निंटेंडोचंच ‘वी’ आलं, तेव्हा ‘वी स्पोर्ट्स’ हा खेळ खोक्यात घालावा की नाही यावरून कंपनीतच वाद. इतक्या कष्टाने केलेली वस्तू फुकट का वाटायची, हा जपानी मंडळींचा सवाल. आणि तो अगदीच चुकीचा नव्हे. जपानात तो वेगळा विकला, अमेरिकेत खोक्यात घातला. शेवटी 8 कोटींहून जास्त प्रती जगभर गेल्या आणि वृद्धाश्रमांतल्या आज्या दिवाणखान्यात बोलिंग खेळू लागल्या.

फुकट अर्थातच काही नसतं. खेळाची किंमत यंत्राच्या किमतीत मुरवलेली असते, आणि ज्याला तो खेळ नको त्याच्याही गळ्यात ती पडते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण निंटेंडोने 2025 मध्ये ‘स्विच 2’ आणलं तेव्हा यंत्राची ओळख करून देणारा खेळसुद्धा 10 डॉलरला वेगळा ठेवला. नव्या सुनेला घर दाखवायचं आणि तिच्याकडूनच तिकिटाचे पैसे घ्यायचे, तशातली गत. उलट सोनीच्या ‘पीएस5’ मध्ये एक चिमुकला यंत्रमानव आधीच येऊन बसलेला असतो आणि आपल्याला यंत्राच्याच पोटात हिंडवून आणतो. ते यंत्र भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आलं, 49,990 रुपयांना; मोठा नवा खेळ त्यावर आणखी 4,999. त्या छोट्या यंत्रमानवामुळे निदान पहिली संध्याकाळ तरी कोरडी जात नाही.

राजा घाटाला लागूनच नारद घाट आहे. तिथे नवरा-बायकोने एकत्र स्नान केलं तर भांडण ठरलेलं, अशी समजूत. त्यामुळे जोडपी तिथून जरा घाईनेच पुढे सरकतात. हल्लीच्या खोक्यांत कंट्रोलर बहुधा एकच असतो. ज्या घरात भावंडं दोन आहेत, त्या घराला नारद घाटापर्यंत जायचीही गरज उरत नाही. या बाबतीत त्या पिवळ्या कॅसेटवाल्यांना घरसंसार जास्त कळत होता.

तेव्हा माझं मत विचाराल, तर यंत्राबरोबर एक खेळ द्यावा. एक कोटी नकोत. एकच, पण आजीलाही हातात घ्यावासा वाटेल असा, आणि शक्य तर दोघांनी मिळून खेळायचा. कंपन्या ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर तुम्ही कुणा लहानग्याला असं यंत्र भेट देणार असाल, तर पैसे मोजण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारून घ्या: आत खेळ आहे का, आणि कंट्रोलर किती आहेत.