अरे, जा की मागे!

सप्टेंबर २०२४ मधला शेवटचा रविवार. झुरिकला सायकलिंगची जागतिक शर्यत चालू होती आणि आमच्याकडे चहा. शर्यत जवळपास २७४ किलोमीटरची, त्यातले शंभर अजून बाकी. एवढ्यात तादेय पोगाचार नावाचा स्लोव्हेनियाचा गडी सीटवरून उठला, पेडलांवर उभा राहिला आणि चालू लागला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग माना खाली घालून पुन्हा आपापलं काम सुरू.

सोफ्यावर आडवा पडलेला माझा मेहुणा ताडकन उठून बसला. "अरे, जा की मागे! दाजी, बघा, एक माईचा लाल हलत नाही." या धामधुमीत बशीतला थोडा चिवडा सांडला. त्या दिवसभरात त्याला घडलेला व्यायाम तेवढाच.

ही 'जा की मागे' जमात फार मोठी आहे. तिच्यात समालोचक आहेत, निवृत्त सायकलपटू आहेत आणि आयुष्यात कधी पंक्चरही न काढलेले आमचे मेहुणेही आहेत. मागणी साधी: पोगाचारने अॅटॅक केला की त्याचं मागचं चाक पकडा. नाही जमलं तर रस्त्यात मरा, पण निदान मरताना दिसा. पानिपतावर पोसलेल्या माणसाला ही मागणी पटकन पटते. हरला, पण लढून हरला! फक्त लढायचं दुसऱ्याने असतं, आणि आपण चिवडा वेचायचा असतो.

आता चाक पकडणं म्हणजे काय ते बघा. सपाट रस्त्यावर पुढच्याच्या चाकाला चिकटलात की वारा तो खातो आणि तुमची भरपूर मेहनत वाचते. चढावर वेग उतरतो, तशी ही सवलतही आटते. तिथे ज्याचं वजन त्याने वाहायचं. त्यात प्रत्येकाची एक मर्यादा असते. तिच्या आत माणूस तासभर ओढत राहतो. तिच्या वर जायचं तर खिशात थोडी चिल्लर असते, काही मिनिटं पुरेल इतकी. ती संपली की माणूस आपल्या नेहमीच्या वेगावर परत येत नाही, त्याच्याही खाली घसरतो. सोफ्यावरून नेमकं हेच दिसत नाही. सोफ्यावरून वाटतं, प्रयत्न करून बघायला काय जातं? जातं की! अर्ध्या तासाने समजतं किती गेलं ते.

बेन ओ'कॉनरला समजलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात, जिरो द'इटालियाच्या दुसऱ्याच दिवशी, ओरोपाच्या चढावर पोगाचार निघाला आणि हा ऑस्ट्रेलियन गडी बाणेदारपणे त्याच्या मागे गेला. सोफ्यांवर टाळ्या पडल्या असतील. थोड्याच वेळात ओ'कॉनरची हवा गेली. डॅनियल मार्टिनेझ आणि गेरेंट थॉमस हे दोघे मागून आपल्या चालीने आले, त्याला ओलांडून गेले आणि अंतिम यादीत दुसरे-तिसरे झाले. ओ'कॉनर चौथा. आपण मूर्खपणा केला, असं त्याने स्वतःच सांगून टाकलं. माणूस प्रामाणिक. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे काम आहे.

पण प्रत्येकाच्या मागे धावून बुडालेला सगळ्यात नामांकित माणूस कोण, हे मेहुण्याला विचारलं तर त्याला येत नाही. तो माणूस म्हणजे खुद्द पोगाचार. १३ जुलै २०२२, टूर द फ्रान्सचा अकरावा टप्पा. अंगात पिवळी जर्सी. गालिबिएच्या घाटात रोग्लिच आणि विंगेगोर या एकाच संघातल्या दोघांनी पाळी लावली. एक पळायचा, पोगाचार त्याला पकडायचा. तेवढ्यात दुसरा पळायचा, पोगाचार त्यालाही पकडायचा. लहान मुलं एखाद्याला मध्ये उभं करून त्याची टोपी एकमेकांकडे फेकतात ना, तसं. एकही अॅटॅक त्याने सोडला नाही. मेहुण्याला हवा होता तो शूरवीर हाच! मग शेवटचा ग्रानोंचा चढ आला, अकरा किलोमीटरचा, सरासरी नऊ टक्क्यांवरचा. विंगेगोर निघाला आणि पोगाचार पाहतच राहिला. जर्सीची चेन सताड उघडी, खांदे डुलतायत. वर पोहोचेपर्यंत २ मिनिटं ५१ सेकंद गेली, पिवळी जर्सी गेली आणि पुढे ती टूरही गेली. प्रत्येक हाकेला ओ द्यायची नसते, हे तो बहुधा त्या दुपारी शिकला. आता हाका तो मारतो.

(एक खाजगी कबुली. सिंहगडाच्या घाटात मीही एकदा एका पोराच्या मागे गेलो होतो. त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या वळणावर मी सायकल कठड्याला टेकवून, निसर्ग बघायला थांबल्याचं सोंग केलं. निसर्ग बराच वेळ बघावा लागला.)

'जाऊ द्या त्याला' म्हणणं नेहमी भेकडपणाच असतो का? १० जुलै २०२४, ले लिओरांचा टप्पा बघा. एप्रिलमध्ये बास्क प्रांतातल्या शर्यतीत विंगेगोर पडला होता. गळ्याचं हाड आणि बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला इजा. तीन महिन्यांनी तो टूरमध्ये उभा, हेच नवल. त्या दिवशी पुई मारीच्या चढावर, तीसेक किलोमीटर बाकी असताना पोगाचार निघाला. विंगेगोरने त्याला जाऊ दिलं. त्याच्या झटक्याला झटक्याने उत्तर दिलं नाही, आपल्या तालात चढत राहिला. फरक अर्ध्या मिनिटाच्या आसपास गेला, थबकला, उतरू लागला. पुढच्या चढावर त्याने पोगाचारला गाठलं आणि शेवटी स्प्रिंटमध्ये चक्क हरवलं. ती टूर मात्र पोगाचारने ६ मिनिटं १७ सेकंदांनी जिंकली. तेव्हा फार उड्या मारायला नकोत, पण त्या एका दुपारी घड्याळ बघणाऱ्याने पाठ बघणाऱ्यापेक्षा बरं काम केलं.

पुढच्या वर्षीच्या टूरमध्ये, ओताकामच्या चढावर, बारा किलोमीटर बाकी असताना पोगाचारने पुन्हा तोच खेळ केला. विंगेगोरने या वेळी क्षणभर चाक धरून बघितलं, सुटलं, आणि वर पोहोचला तो २ मिनिटं १० सेकंद उशिरा. लिपोविट्झ या जर्मन पोराने असलं काही केलं नाही. तो पोहोचला २ मिनिटं २३ सेकंदांनी. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घाटाचा राजा आणि टूरमध्ये पहिल्यांदाच आलेला पोरगा, यांच्यात तेरा सेकंद. बाणेदारपणाचा भाव हा असा आहे.

मग मागे जायचंच नाही का? जायचं, पण चढ किती लांबीचा ते बघून आणि आपण कोण ते ओळखून. मार्च २०२५, मिलान-सान रेमो. चिप्रेसाच्या चढावर पोगाचारने अॅटॅक केला. माथ्यू व्हान डर पूल मागे गेला, राहिला आणि जिंकला. कारण तिथले चढ म्हणजे चढाच्या नावाखाली उंचवटे. शेवटचा चढ पोज्जो जेमतेम पावणेचार किलोमीटर, सहा मिनिटांत संपतो. तेवढी चिल्लर व्हान डर पूलच्या खिशात असते, शिवाय शेवटी स्प्रिंट मारायला वेगळा खिसा. त्याच शर्यतीत फिलिप्पो गाना नावाचा धिप्पाड इटालियन चढावर सुटला, आपल्या चालीने परत आला आणि पोगाचारच्या पुढे दुसरा आला. पोगाचार तिसरा. मागे राहूनही पुढे पोहोचता येतं, हे गानाकडून शिकावं. त्यासाठी त्याच्यासारख्या मांड्या मात्र लागतात.

जागतिक शर्यतीची एक गंमत मेहुण्याला सांगितली तेव्हा तो पाच मिनिटं गप्प होता. तिथे सगळे आपापल्या देशासाठी धावतात. झुरिकला पोगाचारच्या सोबतीला काही काळ टिकला तो फ्रान्सचा सिवाकोव्ह. २०२५ मध्ये किगालीला मागे गेले मेक्सिकोचा देल तोरो आणि स्पेनचा आयुसो. तिघेही थोड्या वेळाने गळाले. आणि तिघेही त्या त्या वर्षी पोगाचारच्याच अमिरातीच्या संघाचे पगारी सायकलपटू! शत्रू मागे जात नाहीत म्हणून ओरडायचं, तर निदान मागे गेले ते कोण होते हे बघून तरी ओरडावं.

माझी तक्रार वेगळीच आहे. पोगाचार गेला, जाऊ द्या. मागे उरलेल्यांचं काय? ते मिळून अर्धा डझन नामवंत असतात. त्यांनी बारीने पुढे येऊन वारा खाल्ला तर एकट्या माणसाला जड जाईल. पण होतं काय, की पुढचा थोडा ओढतो आणि कोपर बाहेर झटकतो. सायकलवाल्यांच्या भाषेत, 'झालं माझं, आता तू ये.' मागचा त्या कोपराकडे असं बघतो की जणू त्याला डास चावला असावा. मग बाटली काढतो. मग गियर तपासतो. गच्ची गळतेय हे सोसायटीत सगळ्यांना मान्य असतं. वर्गणीचा विषय निघाला की प्रत्येकाला कुकरची शिट्टी ऐकू येते. तसंच हे. पहिला नंबर गेला, मग निदान दुसरा आपला असावा, आणि त्यासाठी शेजाऱ्याला फुकट कशाला न्यायचं? शिवाय दुसऱ्या नंबरालाही गुण असतात, आणि तीन वर्षांच्या गुणांवर संघांचे परवाने ठरतात. दुसरा नंबर हा आता चांगला चालणारा स्वतंत्र धंदा आहे.

आणि वर्गणी दिली तर? एप्रिल २०२५, नेदरलँड्समधली आम्स्टेल गोल्ड. पोगाचार असाच एकटा सुटलेला. मागून स्केल्मोसे आणि एव्हनपूल हे दोघेच, पण दोघांनीही कोपराची खूण बघितली आणि पाळीपाळीने पुढे आले. आठेक किलोमीटर राहिले असताना त्याला गाठलं. स्प्रिंटमध्ये स्केल्मोसे पहिला, पोगाचार दुसरा. अॅटॅक झाला तेव्हा दोघांपैकी एकही त्याच्या चाकाला नव्हता.

झुरिकला मात्र कुकरच्या शिट्ट्या शेवटपर्यंत वाजत राहिल्या. पोगाचार शेवटचे पन्नासेक किलोमीटर एकटा गेला. फरक मिनिटाच्या आसपास रेंगाळत होता, म्हणजे खरं तर हाताशी होता, आणि मागे कोपरं झटकण्याचा कार्यक्रम रंगला होता. मेहुणा आता शिव्या देऊन दमला होता आणि चहाचा दुसरा कप मागत होता. एवढ्यात सगळे एकमेकांवर डोळा ठेवून बसले असताना, अगदी शेवटी, त्या घोळक्यातून एक जण गुपचूप बाजूने निसटला. पोगाचारनंतर ३४ सेकंदांनी त्याने रेषा ओलांडली. रौप्यपदक. व्हान डर पूल त्याच्याही मागे, तिसरा.

पडद्यावर नाव आलं, बेन ओ'कॉनर.

"हा कोण?" मेहुण्याने विचारलं. "हा इतका वेळ कुठे होता?"

"मागे," मी म्हटलं.