रामरक्षेचा चढ

नगरच्या सावेडीत पन्नाशी उलटलेली बाई सायकलवर दिसली की लोक आधी तिच्या स्कूटीची चौकशी करतात. "काकू, गाडी बंद पडली का?" प्रोफेसर कॉलनी चौकात विचारतात, पाइपलाइन रोडला विचारतात, भिस्तबागेजवळ तर एका सद्‌गृहस्थांनी मेकॅनिकचा नंबरही देऊ केला. व्यायामासाठी चालवते म्हटलं तर पटत नाही, हौस म्हटलं तर मुळीच पटत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तेव्हापासून मी डॉक्टरांच्याच नावावर सायकल चालवते. डॉक्टरांना याची कल्पना नाही.

मोजामोजीचं खूळ पुण्याच्या लेकीचं. "आई, नुसती हिंडू नकोस, ट्रॅक कर," असं म्हणून तिने मनगटाला बांधायचं घड्याळ पाठवलं. आमचे हे म्हणाले, "भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा की." यांचा दुधाचा हिशेब अजून तिथेच असतो.

तसं आमच्या पिढीला सायकल मोजून चालवणं नवं नाही. लहानपणी ती तासाच्या भाड्याने मिळायची. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, दुकानदाराच्या वहीत आपलं नाव, शेजारी निघाल्याची वेळ. भिंतीवरचं घड्याळ त्याचं असल्यामुळे ते नेहमी पाच मिनिटं पुढे असायचं. किती लांब गेलो याला काडीची किंमत नव्हती. परत कधी आलो एवढंच विचारलं जाई. शेवटच्या पाच मिनिटांत जीव खाऊन पायडल मारायचो. त्यालाच आता इंटर्व्हल ट्रेनिंग म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

घड्याळाच्या आधी माझ्या सायकलला एक साधा मीटर होता. चाकाच्या तारेला चिमुकलं लोहचुंबक, चिमट्याला सेन्सर. चाक फिरलं की चुंबक सेन्सरसमोरून जातो, मीटर एक फेरा मोजतो आणि त्याला चाकाच्या घेराने गुणतो. घेर 2.1 मीटर धरला तर किलोमीटरला साधारण 476 फेरे. हा घेर आपणच मोजून मीटरला सांगायचा असतो आणि तो बिचारा आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. पाच सेंटिमीटर वाढवून सांगितले, तर शंभर किलोमीटरमागे दोनाच्या वर किलोमीटर फुकट पदरात पडतात. मी असं कधी केलं नाही, पण हिशेब करून ठेवला आहे.

घड्याळाला मात्र काही सांगावं लागत नाही. ते उपग्रहांना विचारतं. सोबत छातीला बांधायचा पट्टा आला. त्याच्या आतल्या बाजूला रबराचे दोन चौकोन असतात, ते ओले करून मगच बांधायचे. थंडीत नगरची हवा इतकी कोरडी की मी नुसती गेट उघडून बाहेर आले तरी पट्टा म्हणे ठोके 190. पहिल्या दिवशी मी घाबरून ओट्यावर बसले. पुढे घाम आला, चौकोन ओलावले आणि पट्टा शुद्धीवर आला. आता निघताना मी देवघरातल्या तांब्यातलं पाणी दोन बोटांनी लावते. सासूबाई असत्या तर त्यांना हे कसं समजावलं असतं कोण जाणे.

आता मुख्य भानगड. दमसास वाढवायचा, तर बहुतेक वेळा सायकल हळू चालवायची असते. हे मला लेकीने सांगितलं, मग मी वाचलं, तरी बरेच दिवस खरं वाटेना. पण शरीराचं काम तसंच चालतं. सावकाश आणि लांबवर चालवत राहिलं की स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. साखरेचा साठा मर्यादित असतो. जोरात हाणत राहिलात तर दीड-दोन तासांत तो संपत येतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि माणूस विळद घाटात दगडावर बसून राजगिऱ्याचा लाडू शोधतो. हळू चालवलं तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि तिचा साठा, माझ्यापुरतं बोलायचं तर, दिल्लीपर्यंत पुरेल.

पण हळू चालवणं घड्याळाला दिसायला वाईट दिसतं. सरासरी वेग खाली येतो, आणि तो खाली आलेला आकडा लेक पुण्यात बसून बघते, तिच्या मैत्रिणी बघतात, आमच्या कॉलनीतली दोन कॉलेजची पोरंही बघतात. म्हणून चारचौघांत दिसणारा वेग वाढवण्याच्या नादात बहुतेक जण रोजच मध्यम जोरात चालवतात. दम वाढायला ते फार जोरात असतं आणि वेग वाढायला फार हळू. या यंत्रांनी पुष्कळ लोकांना सायकलवर बसवलं हे खरं. पण त्यातल्या निम्म्यांना नीट हळू चालवू दिलं नाही, असं माझं मत आहे.

हळू म्हणजे किती, यालाही आकडा आहे. 220 मधून वय वजा करा, येतील ते तुमचे जास्तीत जास्त ठोके. त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत राहा. हे सूत्र सरसकट आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज होतात. शिवाय त्यात दर वेळी वय विचारतात. त्यापेक्षा जुनी कसोटी चांगली: सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पण पहाटे साडेपाचला पाथर्डी रस्त्यावर बोलायचं कोणाशी?

म्हणून मी रामरक्षा म्हणते.

डीएसपी चौकातून भिंगार ओलांडून पुढे गेलं की शहा डोंगर दिसायला लागतो, माथ्यावर तो अष्टकोनी तीन मजली महाल. सगळं नगर त्याला चांदबिबीचा महाल म्हणतं. प्रत्यक्षात ती मुर्तझा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान याची कबर. बिचाऱ्याने एवढी टोलेजंग वास्तू बांधली आणि नाव लागलं भलत्याचंच. तर त्या डोंगराच्या चढाला पहिल्या वळणावर मी रामरक्षा सुरू करते. सुरुवातीला ध्यानातच श्वास तुटायचा. महिन्याभराने कवचात शिरले. ज्यांना पाठ आहे त्यांना माहीत असेल, कवच डोक्यापासून निघून एकेक अवयव राखत खाली पायांपर्यंत येतं. त्यामुळे माझी प्रगती अवयवांत मोजली जाऊ लागली. कपाळ, डोळे, नाक इथवर ठीक. कंठाशी आलं की माझाच कंठ सुकायचा. श्रावणात खांदे गाठले. दसऱ्याला हृदय. घरी आले की हे पेपरातून मान वर न करता विचारायचे, "आज कुठपर्यंत?" मी सांगायची, "कंबरेपर्यंत." एकदा पोस्टमन दारात उभा होता, तो चमकून माझ्याकडे बघत राहिला. ज्या दिवशी श्वास न तुटता गुडघे आले, त्या दिवशी बरोबर गुडघेच कुरकुरत होते. म्हणजे श्लोक अगदी वेळेवर आला. आता फलश्रुती होते, आणि वरच्या वळणांवर दुसरी रामरक्षा सुरू होते.

मौज म्हणजे त्याच चढाला घड्याळातले ठोकेही पूर्वीपेक्षा कमी दिसतात. दोघांचं एकमत आहे. फक्त रामरक्षेला चार्जिंग लागत नाही.

वाऱ्याचं मात्र दोघांनाही कळत नाही. ज्येष्ठ-आषाढात नगरला पश्चिमेचा वारा सुटतो. खांडक्याच्या पवनचक्क्या गरगरायला लागल्या की समजावं, आज पूर्वेला जाणारा प्रत्येक जण शूर. पाथर्डीच्या दिशेने निघालं की सायकल आपोआप पळते, घड्याळ थरथरून अभिनंदन करतं, विक्रम झाला म्हणतं. परत फिरलं की तोच वारा छातीवर हात ठेवून उभा. सपाट रस्त्याला चढाचा गियर टाकावा लागतो, आणि शेजारून मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या लावलेले मामा विचारतात, "ताई, पंक्चर हाय का?" हे मामा तरुणपणी याच रस्त्याने दोन किटल्या लावून साध्या सायकलवर नगरला दूध घालायचे, उन्हाळा, पावसाळा, वारा. त्यांना मी ठोक्यांचा पट्टा दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "दूध नासायच्या आत पोचायचं, येवढंच मोजायचो आमी."

या मोजामोजीची एक गंमत आम्हा नगरकरांना विशेष कळेल, कारण आमचं निम्मं गाव लष्कराच्या हद्दीला लागून आहे. फाटकाजवळ उगाच रेंगाळू नये, फोटो काढू नये, हे इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधी कळतं. स्ट्राव्हा नावाच्या ॲपने 2017 च्या अखेरीस जगभरातल्या धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या लोकांच्या वाटा एका नकाशावर उजळून दाखवल्या. 2018 च्या जानेवारीत कोणाच्या तरी लक्षात आलं की वाळवंटात, जिथे काहीच नसायला हवं, तिथे लख्ख चौकोन दिसताहेत. ते दूरदेशी तळांवरचे सैनिक होते, कुंपणाच्या आतून रोज नेमाने धावणारे. शत्रूला वर्षानुवर्षं जे सापडलं नसतं, ते व्यायामाच्या शिस्तीने आयतं काढून दिलं.

मोजायचंच तर आर्थर एडिंग्टनसारखं मोजावं. 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचे फोटो घेऊन आइन्स्टाइनचं म्हणणं पडताळणारा हाच तो शास्त्रज्ञ. पक्का सायकलवाला. त्याने स्वतःपुरता एक आकडा काढला होता: जितके मैल, निदान तितके दिवस. म्हणजे तुम्ही तीस वेगवेगळ्या दिवशी तीस किंवा अधिक मैल चालवलेत तर तुमचा आकडा तीस. एकतीस करायचा तर तीस मैलांचे सगळे दिवस बाद, आता निदान एकतीस मैलांचे एकतीस दिवस हवेत. 1944 साली तो गेला तेव्हा त्याचा आकडा 84 होता. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांचा तारे कोसळण्याचा सिद्धांत त्याने भर सभेत उडवून लावला. पण त्याच चंद्रशेखरांना तो पत्रांतून आपला सायकलचा आकडा कळवत असे. मला हा आकडा आवडतो तो यासाठी, की यात वेगाला जागाच नाही, आणि एका दिवसाच्या पराक्रमाने तो हलत नाही.

ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचंही असंच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे. मुदतीत आलात की झालं. पहिला-दुसरा कोणी नसतो. 200 च्या हिशेबाने तासाला पंधरा किलोमीटरसुद्धा पुरतात, आणि त्यात चहाही बसतो. याच वाटेने माणसं कुठल्या कुठे जातात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ 2015 साली रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे समुद्रापासून समुद्रापर्यंतचे सुमारे 4800 किलोमीटर, दोघांत मिळून पार करून आले. 2017 मध्ये नाशिकचेच श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. हे मी ह्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "मग झोपायचे कधी?" प्रश्न रास्त होता. जवळजवळ नाहीच.

मला एवढं काही करायचं नाही. पण गोल आकड्याचा मोह मलाही सुटत नाही. परवा डोंगरगण, वांबोरी करून परतले, कॉलनीच्या फाटकाशी घड्याळ बघते तर 49.4. आता 49.4 घेऊन कोणी घरात शिरतं का? दत्तमंदिराभोवती रस्ता आहे, तिथे चकरा सुरू केल्या. चौथ्या चकरेला कट्ट्यावरच्या आजींनी हात जोडले. सातव्याला त्यांनी मला थांबवलं, त्यामुळे घड्याळही थांबलं, 49.9 वर.

"बाई गं, एवढी लांबून दमून आलीस आणि आधी प्रदक्षिणा! आमच्या सुनांना सांगते मी." मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "माझे गुडघे चालत नाहीत. माझ्या नावाच्या पाच घालशील?"

घातल्या. घड्याळाने त्याही माझ्याच नावावर टाकल्या, 50.3.