डेव्हिडीसाठी स्थळ पाहिजे

लेस्टर, १४ नोव्हेंबर

ती. सौ. आईस शि. सा. न.

तुला वाटतं तशी आमची चिऊ बारीक झालेली नाही, स्वेटर मोठा आहे. बारीक व्हायची वेळ माझ्यावर आलीय, कारण तुझे जावई व्हायबर्नम नावाच्या झुडपांच्या नादी लागलेत. जाती दीडशेच्या वर, आणि आमचं परस एवढंसं.

कुंपणाशी ‘डॉन’ लावलाय. उत्तर वेल्समधल्या बोडनंट बागेत १९३५च्या सुमारास झालेला संकर. एका बाजूचं कूळ हिमालयातलं, दुसऱ्या बाजूचं चीनमधलं. आंतरजातीय, तोही परदेशात! पण पोर गुणाचं निघालं. पानं झडली की उघड्या फांद्यांवर गुलाबी झुबके, थेट मार्चपर्यंत. आणि वास असा की पोस्टमन फाटकाशी रेंगाळतो. कडाक्याच्या थंडीत उमललेली फुलं करपतात, पण मागे कळ्या तयारच असतात.

लावताना हे विहीर खणायच्या बेतात होते. शेजारचे आजोबा कुंपणावरून ओरडले, “रुंद खणा, खोल नको!” माती चिकण, मुळांचा गड्डा कुंडीतल्यापेक्षा खाली गेला की पाणी साचून कुजतो.

दारातल्या कुंडीत टायनस जातीचं झुडूप आहे. त्याची पानं इतकी दाट की दिवसभर पाऊस लागला तरी कुंडी कोरडी. म्हणून हे एका हातात छत्री, दुसऱ्या हातात झारी घेऊन उभे असतात. लोक आता बघतही नाहीत. त्यात एक भुंगेरा आहे, त्याच्या अळ्या एप्रिल-मेमध्ये पानांची चाळण करतात. डहाळ्या कोरून आत अंडी घालतो, ती हिवाळाभर तिथेच. म्हणून हे रात्री टॉर्च लावून डहाळ्या तपासतात.

पण खरं काम तुझ्याकडे आहे. डेव्हिडी म्हणून ठेंगणी, सदाहरित जात आहे. पानावर तीन ठसठशीत शिरा, फळं चकचकीत निळी. मात्र नर वेगळा, मादी वेगळी; एकट्यानं फळ धरत नाही. नर्सरीतल्या बाईंना विचारलं, यातलं कोण कोण? म्हणाल्या, पाटीवर लिहिलेलं नसतं, तीन-चार न्या, जमेल जोडी. अगं, तू वधूवर मंडळाच्या वहीत निदान मुलगा की मुलगी एवढं तरी लिहितेस!

हे म्हणतात चार आणू. मी म्हणते, फळं लागलेलं एक आणा. ती मादी नक्की, मग नुसता नवरदेव शोधायचा. तुझा अनुभव काय सांगतो ते कळव. पत्रिका मागू नकोस.

आणि मेतकूट संपलंय.

तुझी,
मनी