चला वाइन प्रदेशी, कळंबमार्गे

नाशिकच्या वाइन सहलीच्या जाहिराती आता आमच्या यवतमाळातल्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. खासगी गाडी, सोबत जाणकार गाइड, सकाळी निघायचं आणि रात्री जेवायला घरी. जाहिरात लिहिणाऱ्याने नकाशा पाहिलेला नाही, हे उघड आहे. यवतमाळातून नाशिक गाठायचं तर आधी धामणगाव गाठून समृद्धी महामार्गावर चढावं लागतं. ही समृद्धी 701 किलोमीटर लांब आहे, दहा जिल्ह्यांतून जाते आणि त्या दहांत आमचा जिल्हा नाही. (समृद्धी यवतमाळच्या शेजारून निघून जाते, हे वाक्य मी निव्वळ भूगोल म्हणून लिहितो आहे. त्यात कोणी दुसरा अर्थ काढला तर ती ज्याची त्याची जबाबदारी.) तेव्हा पहाटे निघालात तरी द्राक्षाच्या मळ्यात पाय ठेवेपर्यंत दुपार कलणार, आणि रात्री जेवायला घरी म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रात्री.

तरीही ज्याला परवडेल त्याने एकदा जाऊन यावं. प्रकरण बघण्यासारखं आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांच्या रांगा, त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या आणि खुर्च्यांत पुण्या-मुंबईची मंडळी. 'सुला'चे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इथे आले, 2000 साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली, 2005 साली त्यांनी पाहुण्यांना चाखायला खोली उघडली आणि 2022 च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. मधल्या मधे, 2001 साली, सरकारने वाइनसाठी खास धोरण आणलं. पुढे विक्रीकराच्या 20 टक्क्यांपैकी 16 टक्के उत्पादकाला परत द्यायची योजनाही काढली. कर घेऊन परत देणारं सरकार बघायचं असेल तर नाशिकलाच जावं लागतं. इतर पिकांच्या बाबतीत ते दर्शन दुर्मीळ आहे.

चाखण्याचा विधी तर सत्यनारायणापेक्षा लांब. गाइड आधी ग्लास तिरपा धरून रंग बघायला लावतो. मग ग्लास देठाला धरून गरगर फिरवायचा. मग नाक आत घालायचं. या वाइनला पेरूचा वास आहे, त्या शिराझला मिरीचा, असं गाइड सांगतो आणि लगेच सगळ्यांना तो येतो. मग एक घोट तोंडात घोळवायचा. खरे दर्दी तो घोट बाजूच्या भांड्यात थुंकून टाकतात. पैसे मोजून घेतलेली दारू थुंकणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे.

यावरून यवतमाळला सहलींचा अनुभव नाही, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. खासगी गाडी, जाणकार गाइड, सकाळी येऊन संध्याकाळी परत, हा धंदा नाशिकला फुटण्याच्या आधीपासून आमच्याकडे जोरात आहे. पाहुणे सकाळच्या विमानाने नागपूरला उतरतात. तिथून गाड्यांचा ताफा निघतो. गाइड म्हणून स्थानिक कार्यकर्ता, मागच्या गाडीत तलाठी, त्याच्या मागच्या गाडीत कॅमेरे. गाडी कापसाच्या वावरात थांबते. पाहुणे बोंड हातात घेऊन बघतात, रंग बघतात, 'किती भाव मिळतो?' असं विचारतात आणि उत्तर ऐकून मान हलवतात. मग एखाद्या घरी जातात. तिथे भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. पाहुणे सतरंजीवर बसतात. संध्याकाळच्या विमानाने परत.

2008 साली राहुल गांधी मारेगाव तालुक्यातल्या जळक्याला येऊन गेले आणि तिथल्या एका घराची गोष्ट त्यांनी लोकसभेत सांगितली. 2014 च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदींनी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 'चाय पे चर्चा' केली. कोणत्याही पक्षाने आम्हाला उपेक्षित ठेवलं, असं म्हणता यायचं नाही. नाशिकला चाखायला वाइन असते, आमच्याकडे चहा असतो, एवढाच फरक. चहाही नको तितका गोड.

पण संपादकांनी मला वाइनवर लिहायला सांगितलं आहे, म्हणून विषयावर येतो. यवतमाळ हा महाराष्ट्रातला खरा वाइन प्रदेश आहे आणि पर्यटन खात्याच्या हे अजून ध्यानात आलेलं नाही. वाइन प्रदेश कशाने होतो? द्राक्षाने नव्हे. शेजाऱ्याने होतो. आमच्या ईशान्येला वर्धा जिल्हा. तिथे सेवाग्राम आहे, पवनार आहे, म्हणून तिथे पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. पूर्वेला चंद्रपूर. तिथे 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी आली आणि 2021 च्या मे महिन्यात सरकारने ती उठवली. या दोन्ही जिल्ह्यांच्या आणि आमच्या मधे एकच वर्धा नदी. नदीच्या पलीकडे दारू हा गुन्हा, अलीकडे महसूल. युरोपातल्या पर्यटकाला वाइनसाठी डोंगर ओलांडावे लागतात, आमच्या पाहुण्याला फक्त पूल.

चंद्रपूरच्या बंदीची ती सहा वर्षं म्हणजे वणी तालुक्याचा सुवर्णकाळ. वरोऱ्याहून वणीला यायचं तर पाटाळ्याचा पूल लागतो. त्या काळात पुलावरून येणारे पाहुणे कोळसा बघायला येत नव्हते. परतीच्या गाडीत काय काय सापडलं याच्या बातम्या रोज छापून यायच्या: दुधाच्या कॅनमध्ये, भाजीच्या क्रेटखाली, सीटच्या पोटात. नाशिकला पाहुणा निघताना कागदी पिशवीत दोन बाटल्या आठवण म्हणून नेतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त आमच्याकडे पिशवीची सोय पाहुण्याला स्वतः करावी लागते.

आता चंद्रपूर गेलं, वर्धा उरलं. म्हणून सहल कळंबमार्गे. मार्ग आता सोपाही झाला आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रेल्वेचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला खुद्द पंतप्रधानांनी यवतमाळात येऊन सुरू केला. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, त्यामुळे घरी काय सांगून निघायचं हा प्रश्नही आपोआप सुटतो. रेल्वेचा हेतू अर्थातच विकासाचा आहे, आणि विकासाला तहान लागते.

या सहलीत आमचा गाइड म्हणजे रिक्षावाला. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, पण ज्ञान पुरेपूर. "कसं काय काकाजी, दर्शन पयले का नंतर?" एवढंच तो विचारतो. काकाजी काही बोलत नाहीत. रिक्षा दर्शन नंतर ठेवून निघते. थांबते तिथे 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी असते. ही पाटी मला फार आवडते. शाळेवर, दवाखान्यावर, धान्याच्या दुकानावर 'सरकारमान्य' इतक्या ठसठशीत अक्षरांत मी क्वचितच वाचलं आहे.

आत चाखण्याचा विधी सुरू होतो. खिडकीतून प्लास्टिकचा ग्लास आणि संत्र्याची बाटली. विदर्भात देशी म्हणजे संत्रा. नागपूरच्या संत्र्याला उठाव नाही अशी ओरड करणाऱ्यांनी सकाळी साडेआठला या खिडकीपुढे येऊन उठाव बघावा. रंग बघत नाहीत. ग्लास फिरवत नाहीत, कारण सांडला तर? नाशिकला ज्या क्षणी नाक ग्लासात घालायचं असतं, त्या क्षणी इथे दोन बोटांनी नाक दाबून धरतात. घोट घोळवत नाहीत, एका दमात खाली. मग तोंड वाकडं, डोळे मिटलेले, हात पुढे. हातावर कोणीतरी चार फुटाणे किंवा चिमूटभर मीठ ठेवतं. नाशिकला या जागी चीज देतात. सगळा कार्यक्रम दोन मिनिटांत आटोपतो, आणि माणूस कामावर जातो. जातो, असं निदान घरी सांगतो.

यात बेकायदा काही नाही, फक्त परवाना हवा. 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घोट घेता येत नाही. देशीचा एका दिवसाचा परवाना दोन रुपयांचा, विदेशीचा पाच रुपयांचा. विदेशीच्या परवान्यात पिण्याचं कारणही आधीच छापलेलं असतं: आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे या राज्यात मौज म्हणून कोणी पीत नाही. सगळे औषध घेतात. काही जण डोस चुकवत नाहीत, इतकंच.

सहलीच्या उत्तरार्धात वारसा हवा, त्याशिवाय पर्यटन खातं अनुदान देत नाही. वारसाही आहे. नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. त्यांचा हंगाम संपायला येतो तेव्हा झरी, पांढरकवडा, घाटंजीकडे मोह गळू लागतो. पहाटे अंधारात गोंड-कोलामांच्या बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुलं पिवळसर, ओलसर, रसाने टच्च भरलेली. उन्हं वर यायच्या आत वेचून घरी आणायची आणि अंगणात वाळत घालायची. फुलात साखर भरपूर, त्यामुळे पाण्यात भिजवून ठेवली की आंबायला फार वाट बघावी लागत नाही. इथपर्यंतचं शास्त्र नाशिकचं आणि आमचं एकच. पुढे आम्ही ते भट्टीवर चढवतो, म्हणून आमचं कडक होतं.

2021 साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, बाळगण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. फुलं आता निर्दोष आहेत. ती आंबली की गुन्हेगार होतात. गोव्याने काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळवलं, पुढे तिला राज्याचं वारसा पेय केलं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरलं. आमच्याकडे तिचं नाव हातभट्टी, आणि तिच्याकडे येणारी खासगी गाडी पोलिसांची. ती मंडळीही मडक्यात नाक घालून वास घेतात, पण त्यांना पेरूचा वास आल्याचं पंचनाम्यात कधी लिहिलेलं नसतं.

आता थोडं हिशोबाचं. 27 जानेवारी 2022 ला तेव्हाच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. कारण दिलं शेतकऱ्याचं हित. वाइन म्हणजे दारू नव्हे, असंही सत्ताधारी मंडळींनी समजावलं. विरोधक म्हणाले, हे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघाले. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकारच बदललं आणि निर्णय फळीवर राहिला. त्या सगळ्या गदारोळात शेतकरी हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की आमच्या कापूसवाल्यालाही क्षणभर वाटलं, आपल्याबद्दलच बोलत आहेत.

त्याच्याबद्दल दुसऱ्या कागदावर लिहिलेलं असतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली की घरच्यांना एक लाखाची मदत मिळायची असते, आणि त्यासाठी जिल्ह्याची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का. चौकशीत मृताला दारूचं व्यसन होतं असा शेरा आला, की प्रकरण अपात्रतेच्या ढिगाकडे सरकतं. कर्जाने प्यायला लागला की प्यायल्याने कर्ज झालं, एवढं खोलात कोण जातं? तेव्हा नाशिकला दारू शेतकऱ्याच्या जमेच्या बाजूला मांडायची आणि यवतमाळला त्याच्या खर्चाच्या बाजूला, ही आपली राज्यव्यापी वही. दोन्हीकडचा महसूल मात्र एकाच खात्यात जातो. पाटी 'सरकारमान्य' होती, हे त्या चौकशीच्या कागदावर कुठेच येत नाही.

राहिल्या बाया. या जिल्ह्यात वर्षानुवर्षं दारूबंदीचे मोर्चे त्यांनीच काढले. सहलीतून परतलेला माणूस त्यांच्याच दारात उतरतो, त्यामुळे या पर्यटनाबद्दल त्यांचं मत तज्ज्ञाचं धरायला हवं. सरकारने त्यांना एक वाट दिलेली आहे: गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की मतदान. पत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांच्या नव्हे, एकूण. ही अट आमदारकीला लावली तर विधानभवनात अध्यक्षांना बऱ्याच रिकाम्या बाकांशी बोलावं लागेल. दुकान उघडायला मात्र बायांचं मतदान लागत नाही.

तेव्हा तुमच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान लागलं तर त्या दिवशी कापूस वेचायला बाया सांगू नका, आणि पुण्याला लेकीकडे गेलेल्या म्हातारीलाही गाडीभाडं पाठवून बोलावून घ्या. जी आली नाही, ती हिशोबात उभ्या बाटलीकडेच जाते.